पूर्वजांचा शोध आणि मृतांचा बाप्तिस्मा
१८४७च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचलेल्या मॉर्मन वसाहतकारांसाठी वंशावळ हे धर्मकर्तव्य होते. बाप्तिस्म्याविना वारलेल्या पूर्वजाच्या वतीने वंशजाने तो विधी घ्यावा, ही शिकवण मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८४०मध्ये इलिनॉयमधील नॉवू येथे दिली. त्यासाठी पूर्वजाचे नाव हवे; म्हणून घरच्या बायबलातील जन्ममृत्यूच्या नोंदी, चर्चची दप्तरे, थडग्यांवरची अक्षरे धुंडाळणे आले. १८९४मध्ये युटात वंशावळ संस्थाच निघाली. पण ज्याला विचारता येत नाही, त्याच्या वतीने धर्म स्वीकारता येतो का? मॉर्मन उत्तर असे, की विधीने फक्त संधी मिळते. आत्मा ती नाकारू शकतो. तर्क चोख आहे, पण दुखावलेल्या नातलगांना तो पुरत नाही. होलोकॉस्टमधील ज्यू बळींची नावे अशा बाप्तिस्म्यांच्या नोंदींत आढळल्यावर आक्षेप आले. १९९५मध्ये ती वगळण्याचे मॉर्मन चर्चने मान्य केले.