कधी मिळेल आणि कधी येऊ

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, ऑफिसचा कॉल चालू असताना, मला एक मेल आला. मजकूर दोनच वाक्यांचा होता. यादीत तुमचा नंबर आला आहे. मुठीसाठी कोणतं लाकूड हवं ते कळवा. हा मेल यायला सव्वीस महिने लागले होते. तेवढ्या काळात मी नोकरी बदलली, घर बदललं, आणि ज्या कामांसाठी हा चाकू हवा होता ती सगळी कामं पंधरा पौंडांच्या दुसऱ्या एका चाकूवर शिकूनही झाली.

मग मी वाट नेमकी कशाची पाहत होतो? मेल वाचून आनंद झाला खरा, पण त्याच्या मागोमाग हा प्रश्नही आला आणि तो अजून गेलेला नाही.

मी इंग्लंडमध्ये शेफिल्डला राहतो. शनिवार-रविवारी जवळच्या रानात बुशक्राफ्ट शिकायला जातो. बुशक्राफ्ट म्हणजे कमीत कमी सामानावर रानात राहायची विद्या. पावसातही आतून कोरडं असलेलं लाकूड शोधून विस्तव पेटवायचा, ताडपत्रीसाठी खुंट्या करायच्या, ओल्या लाकडाचा चमचा तासायचा. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि याचे पैसे कोण कुणाला देतं?" मी देतो म्हटल्यावर बराच वेळ हसले.

या विद्येत मुख्य हत्यार चाकू. कॅनडातले मॉर्स कोचान्स्की हे तिचे मोठे शिक्षक. पातं आपल्या तळहाताच्या रुंदीएवढं असलं की पुरे, असं त्यांचं सांगणं. म्हणजे साधारण चार इंच. धारेचा उतार बहुधा एकच आणि रुंद असतो, स्कँडिनेव्हियन पद्धतीचा. तो अख्खा उतार दगडावर सपाट टेकवला की धारेचा कोन आपोआप जुळतो. नवशिक्याला सोपं. स्वीडनमधल्या मोरा गावच्या कारखान्यांची परंपरा १८९१ पासूनची आहे, आणि असे चाकू तिथे आजही बनतात. माझा पंधरा पौंडांचा चाकू तिथलाच.

आणि दुसरीकडे एकेकट्या कारागिराचे चाकू. ब्रिटनमध्ये टीव्हीवरून रे मिअर्स यांनी बुशक्राफ्ट घरोघरी नेलं. त्यांच्या कल्पनेवरून अ‍ॅलन वुड या कारागिराने केलेला वुडलोर चाकू इतका गाजला की त्यासाठी लोक वर्षानुवर्षं यादीत थांबले. आज त्या घडणीचे चाकू करणारे कितीतरी कारागीर आहेत, आणि त्यांच्यातल्या चांगल्यांकडे यादी असतेच. मी अशाच एकाकडे पन्नास पौंड आगाऊ भरून नाव घातलं होतं. एकूण किंमत साडेतीनशे.

इंजिनियर असल्यामुळे मी आधी सरळ हिशेब केला. एका मित्राकडे याच कारागिराचा चाकू आहे. तो आणि माझा मोरा घेऊन आम्ही एक दिवसभर एकच काम केलं. हातचा चाकू जाड, मूठ भरीव, दिसायला देखणा. तासताना हात कमी दुखतो. पण लाकूड दोन्ही सारखंच कापतात, आणि पातळ असल्यामुळे मोरा काही कामांत सरसच ठरतो. पोलादाचं म्हणाल तर कारखान्याची भट्टी तापमान जितकं नेमकं राखते तितकं माणसाला राखता येईलच असं नाही. शिवाय इंग्लंडात न मिटणाऱ्या पात्याचा चाकू योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगणं हा गुन्हा आहे. म्हणजे महिन्यातले पंचवीस दिवस हा चाकू कपाटातच राहणार. उपयोगाच्या हिशेबात हा सौदा बसत नाही.

उपयोग नाही तर मग दुर्मीळपणा असेल. याची परीक्षा लगेच झाली. माझा नंबर लागल्याचं कळल्यावर ओळखीतल्या एकाने मला साडेपाचशे पौंड देऊ केले. चाकू अजून बनलाही नव्हता. मी फक्त उभा राहिलो होतो, तेही मनातल्या मनात, आणि त्या उभं राहण्याचे दोनशे पौंड झाले होते. मी नाही म्हणालो. पण का, ते मला नीट सांगता येईना. तत्त्व वगैरे काही डोक्यात नव्हतं. एवढंच वाटलं की जागा विकली तर कारागिराला फसवल्यासारखं होईल. आता त्याला तर साडेतीनशे मिळणारच होते, माझ्याकडून काय किंवा दुसऱ्याकडून काय. मग फसवणूक कसली?

याचं उत्तर मला त्याच्या कार्यशाळेत सापडलं असं वाटतं. यादीतल्या लोकांना तो एकदा भेटायला बोलावतो आणि कागदावर हाताचा पंजा रेखाटून घेतो. मी गेलो तेव्हा तो पात्यांना पाणी देत होता. खिडकीवर जाड कापड ओढलेलं, कारण तापलेल्या पोलादाचा रंग अंधारातच खरा दिसतो. मधूनच तो पात्याला लोहचुंबक लावून बघायचा. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून थोडं पुढे गेलं की तेलात बुडवायचं. एक पातं तेलातून काढलं, डोळ्यासमोर धरलं आणि बाजूच्या डब्यात टाकून दिलं. किंचित वाकलं होतं. मला तर सरळच दिसत होतं. मी विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं असतं? तो म्हणाला, बहुतेक कुणाच्याच नाही. आणि दुसरं घेतलं.

परतीच्या बसमध्ये मला वाटत राहिलं की यादीचा खरा उपयोग हा आहे. ते पातं फेकायला त्याला कुणाची परवानगी लागली नाही. दोन दिवस वाया गेले तरी आम्ही थांबणार होतो. आमच्या थांबण्यामुळेच त्याला आपल्या कामाशी प्रामाणिक राहणं परवडत होतं. मी दिलेल्या पैशातून त्याचं पोट भरत होतं, आणि मी दिलेल्या वेळातून त्याचं स्वातंत्र्य. जागा विकली असती तर मी त्या वेळाचा फक्त भाव केला असता.

हा विचार मला फार आवडला होता. तो चुकीचा आहे असं मला आजही वाटत नाही. पण तो अर्धाच आहे हे दोन जागी कळलं.

पहिली जागा शेफिल्डच. चाकू-कात्र्यांसाठी हे गाव शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी इथेच स्टेनलेस स्टील बनवलं. केल्हम आयलंडच्या संग्रहालयात जुन्या 'लिट्ल मेस्टर' लोकांच्या खोल्या जपल्या आहेत. हे स्वतंत्र कारागीर, भाड्याच्या एवढ्याशा जागेत बसून आयुष्यभर एकच काम करणारे: कुणी पाती घासणारा, कुणी मुठी बसवणारा. त्यांचं सगळं काम हाताचंच होतं. पण एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की कोरड्या दगडावर काटे घासणारे लोक छातीत धूळ साठून तिशी-चाळिशीच्या आतच जात. त्यांच्या हाताला कुणी थांबत नव्हतं. माल आज संध्याकाळी हवा असायचा.

याच शतकात जॉन रस्किन यांनी 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस'च्या दुसऱ्या खंडात, १८५३ साली, असं मांडलं की वस्तूतला निर्दोष गुळगुळीतपणा हा पुष्कळदा करणाऱ्याच्या गुलामीचा पुरावा असतो, आणि तिच्यातली उणीव ही त्याच्या मोकळेपणाची खूण. पुढे १८७५ साली त्यांनी शेफिल्डमध्येच कामगारांसाठी एक संग्रहालय काढलं. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण माझ्या चाकूला लावून पाहिलं की एक गोष्ट दिसते. 'हातचं' या शब्दाला आज जो मान आहे तो हाताचा नाही. काटे घासणाऱ्यांचेही हातच होते. मान आहे तो 'आज नाही' असं म्हणू शकणाऱ्या हाताचा.

दुसरी जागा आमचं गाव, करमाळ्याजवळ. चाकूसाठी नाव घालून वर्ष झालं होतं आणि मी जानेवारीत घरी गेलो होतो. ऊसतोडीचा हंगाम. रस्त्याकडेला घिसाड्यांची दोन पालं पडली होती. अण्णांना बांधावरच्या वेड्या बाभळी तोडायला कोयता हवा होता, म्हणून मी ट्रकच्या पाट्याचा एक तुकडा घेऊन गेलो. नवरा सांडशीत लोखंड धरून ऐरणीवर फिरवत होता, बायको घण मारत होती, मुलगी भात्याचं चाक फिरवत होती. ताडपत्री अशी बांधली होती की ऐरण सावलीत राहावी. रंग ओळखायला. पाणी द्यायच्या वेळी त्याने लोखंड त्या सावलीत धरून एक क्षण वाट पाहिली आणि मगच डब्यात बुडवलं.

इंग्लंडातल्या कारागिराबद्दल मी मित्रांना सांगताना म्हणायचो, "तो माणूस डोळ्यांनी तापमान वाचतो." इथे तेच चाललं होतं आणि मी मोबाईलमध्ये वेळ बघत होतो. चाळीस मिनिटांत मी दोनदा विचारलं, "मावशी, कधी मिळेल?" ती म्हणाली, "झालंच दादा." मजुरी साडेचारशे सांगितली. मी साडेतीनशे म्हणालो. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाली. मी शंभर रुपये वाचवले होते, म्हणजे पौंडाहूनही कमी.

घरी येताना मला काहीच वाटलं नाही. हे इथे लिहायला हवं. बाजारात भाव करतात तसा केला होता. वाटलं ते नंतर, परत आल्यावर, त्या कार्यशाळेतल्या काळोख्या खोलीत उभं असताना. तिथे मी तीन तास थांबलो होतो आणि एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं.

या कोयत्याची आणखी एक गोष्ट. ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. मुकादम हंगामाआधी त्यांना उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. मग ती फिटेपर्यंत त्यांनी राबायचं, आणि या हंगामात नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. मीही चाकूसाठी आगाऊ रक्कम दिली होती. माझ्या पन्नास पौंडांनी मी बांधला गेलो. कारागीर मोकळाच राहिला, हवं तेव्हा करेन म्हणायला. उचलीत मात्र घेणारा बांधला जातो. व्यवहार कागदावर एकच, आधी पैसे आणि मग काम. पण कुणी कुणासाठी थांबायचं हे पैशाने ठरत नाही. ते आधीच ठरलेलं असतं.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. कोयता ही गरज आहे, चाकू हा शौक. कोयत्याला चाकूचा भाव आला तर तो शेतकऱ्याला आणि तोडकऱ्याला कसा परवडेल? घिसाड्याकडे दोन वर्षांची यादी झाली तर बांधावरच्या बाभळी काय थांबणार आहेत? हे बरोबर आहे. रस्त्यावरच्या पालात मला इंग्लिश कार्यशाळा नको आहे, आणि गरिबीत कलेचं तेज शोधणं हाही एक उद्धटपणाच. शंभर रुपये जास्त दिले असते तर सगळं ठीक झालं असतं असंही नाही. ते द्यायलाच हवे होते, पण त्याने माझा हिशेब मिटला असता, तिचा नाही.

मला म्हणायचंय ते याहून लहान आहे. थांबणं ही आदराची एक रीत आहे हे मी सव्वीस महिन्यांत शिकलो, आणि ते शिकणं खोटं नव्हतं. चूक एवढीच की हा आदर मी फक्त अशाला दिला जो तो माझ्याकडून मागून घेऊ शकत होता. न दिल्यास माझं नाव यादीतून काढू शकत होता. त्याला आदर म्हणायचं की शिस्त? ज्याच्याकडे यादी नाही, ज्याला पालं उचलून उद्या पुढच्या गावी जायचंय, त्याच्यापुढे मी कसा उभा राहतो यावरूनच कळणार की मी खरंच काही शिकलो की नुसता ग्राहक झालो.

चाकू मी घेणार आहे. मुठीला अक्रोडाचं लाकूड कळवलं. पातं तेलात वाकलं तर अजून महिना लागेल, असं त्याने कळवलंय. मी लागू दे म्हणालो, आणि ते म्हणणं किती सोपं होतं ते या वेळी माझ्या लक्षात आलं.

येत्या हंगामात गावी जाईन तेव्हा अण्णांचा कोयता शेवटायला न्यायचाय. बाभळीवर बोथट झालाय. पालं तिथेच असतील असं नाही. असली, तर मागच्या वेळी विचारलेला प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलंय. 'कधी मिळेल' हा प्रश्न माझ्या सोयीचा आहे. या वेळी कोयता खाली ठेवून विचारायचं, "मावशी, कधी येऊ?" आणि ती सांगेल तेव्हा जायचं.