गैरहजेरीची नोंद

धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्रीच्या चौकात आमचं बॅनर लागलं, तेव्हा संघटनेची साधी वहीसुद्धा घेतलेली नव्हती. सात डॉक्टरांचे सात फोटो, त्यात माझा जरा मोठा, आणि वर ठळक अक्षरात ‘हार्दिक अभिनंदन’. वडीगोद्री, शहागड, अंबड या पट्ट्यात दवाखाने चालवणारे आम्ही सात जण. कुणी एमबीबीएस, कुणी बीएएमएस. महिन्यातून एकदा एकत्र बसायचं, एखादा विषय नीट शिकायचा, अडीअडचणीला एकमेकांच्या पाठीशी उभं राहायचं, एवढा साधा हेतू होता. पण अध्यक्ष कोण आणि उपाध्यक्ष कोण, यातच दोन महिने गेले. चिटणीसपद मात्र कुणालाच नको होतं.

आत्या संध्याकाळी चौकातून भाजी घेऊन आली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, “बॅनर बघितलं तुमचं. वही घेतलीस का रे?”

“कसली वही?”

“इतिवृत्ताची. आणि हजेरीची वेगळी.”

मी हसलो. ती हसली नाही.

आत्या याच गावची लेक. लग्न होऊन मुंबईला गेली, लालबागच्या चाळीत राहिली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मामांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, गिरणी बंद पडली ती पडलीच. आत्यानं लग्नाआधी अंबडला टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, त्या अशा वेळी कामी आल्या. पुढच्या वर्षी ती डॉक्टरांच्या एका संस्थेत टायपिस्ट म्हणून लागली आणि 36 वर्षांनी त्याच संस्थेच्या कार्यालयाची प्रमुख म्हणून निवृत्त झाली. मामा गेल्यावर माहेरी परतली, तेव्हा येताना तिच्या ट्रंकेत साड्यांपेक्षा जुन्या डायऱ्याच जास्त होत्या.

तिचं काम नेमकं काय होतं, हे मला डॉक्टर होऊनही कळलं नव्हतं. आपल्याकडे प्रत्येक शाखेच्या डॉक्टरांची संस्था असते. भूलतज्ज्ञांची असते, बालरोगतज्ज्ञांची असते. मुंबईत तर 1883 मध्येच बॉम्बे मेडिकल युनियन उभी राहिली होती. या संस्थांचे अध्यक्ष वर्ष-दोन वर्षांसाठी निवडून येतात आणि जातात. कार्यालय मात्र तिथंच राहतं. सभासदांची यादी, वर्गणीच्या पावत्या, नियतकालिकाची छपाई नि टपाल, वार्षिक परिषदेचा मांडव, जेवण, बिल्ले, हिशेब, ऑडिट, हे सगळं कार्यालय बघतं. आत्या तिथं लागली तेव्हा स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर परिपत्रकं काढायचे. ती निवृत्त झाली तेव्हा सगळं ईमेलवर गेलं होतं. यंत्रं बदलत गेली, पण सभेचं इतिवृत्त ती शेवटपर्यंत हातानं वहीत लिहायची.

निवडणुकीचं दुहेरी पाकीट तिनं मला एकदा करून दाखवलं होतं. मतपत्रिका आतल्या कोऱ्या पाकिटात घालायची. त्या पाकिटावर नाव नाही, खूण नाही. ते बाहेरच्या मोठ्या पाकिटात घालायचं आणि मोठ्या पाकिटावर सभासदाचं नाव, क्रमांक, सही. मोजणीच्या दिवशी आधी बाहेरच्या पाकिटावरची सही यादीशी ताडून बघायची. सगळी ताडून झाली की आतली पाकिटं काढून एका डब्यात एकत्र मिसळायची आणि मगच फोडायची. मत कुणी दिलं हे कळतं, कुणाला दिलं हे कळत नाही. ओल्या स्पंजवर डिंकाची कड फिरवता फिरवता आत्या म्हणाली होती, “मोठमोठे सर्जन या डब्याभोवती लहान लेकरासारखे उभे राहायचे बघ. पण डब्याला हात कुणी लावायचं नाही.”

तिथल्या एका वयस्कर डॉक्टरांनी तिला हेन्री ओल्डेनबर्गची गोष्ट सांगितली होती. लंडनची रॉयल सोसायटी 1660 मध्ये स्थापन झाली, तिच्या पहिल्या चिटणिसांपैकी हा एक. स्वतः मोठा शास्त्रज्ञ नव्हता. देशोदेशीच्या विद्वानांना पत्रं लिहायची, आलेली पत्रं जपायची, कुणी काय शोधलं आणि ते कधी कळवलं याची नोंद ठेवायची, हे त्याचं काम. 1665 मध्ये त्यानं सुरू केलेलं नियतकालिक आजही निघतं. परदेशांशी चाललेल्या पत्रव्यवहारावरून संशय आला म्हणून 1667 मध्ये त्याला टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत टाकलं होतं. सुटून आल्यावर तो पुन्हा पत्रं लिहायला बसला. आत्याला हा माणूस फार जवळचा वाटायचा. मराठी विज्ञान परिषदेच्या चुनाभट्टीतल्या विज्ञान भवनात कार्यक्रमाला गेली की तिथंही ती अशीच माणसं बघायची. ही परिषद 24 एप्रिल 1966 ला स्थापन झाली. अ. पां. देशपांडे यांच्यासारख्यांनी तिचं कार्यवाहपद वर्षानुवर्षं सांभाळलं. व्यासपीठावर भाषण रंगतं, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी खुर्च्या मोजत असतो, असं आत्या सांगायची. तिची नजर कायम त्या माणसावर.

तर आत्यानं आमचा ताबा घेतला. सात जणांना ओसरीवर बसवलं. संस्था 1860 च्या कायद्याखाली नोंदवायला किमान सात माणसं लागतात, तुम्ही बरोबर सात आहात, एक रुसला तर कागदच होत नाही, हे पहिल्यांदा सांगितलं. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली जालन्याला सहायक धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करायची. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. “अर्ध्या संस्था या चेंज रिपोर्टवर मरतात,” ती म्हणाली. “भांडण होतं, नवे-जुने कोर्टात जातात, कपाटाला कुलूप लागतं.” नियमावली तिनंच लिहून काढली. त्यात एक कलम होतं: सभेची परवानगी न घेता सलग तीन सभांना गैरहजर राहिलेल्याचं कार्यकारिणीतलं पद जाईल. चिटणीसपद शेवटी आमच्यातल्या सगळ्यात तरुण डॉक्टरनं घेतलं आणि आत्या त्याच्या शेजारी बसून त्याला इतिवृत्त लिहायला शिकवू लागली.

मार्चमधली सभा. विषय विंचूदंश. अंकुशनगरच्या कारखान्याचा हंगाम संपत आलेला, उसाच्या फडात पाचट साचलेलं, कोप्यांमध्ये लहान लेकरं. विषय वेळेवरचा होता. डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. महाडला काम करताना लाल विंचवाच्या दंशानं तरणीताठी माणसं आणि लेकरं डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली. एकेका रुग्णाशेजारी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास हे सगळं टिपत गेले. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं लॅन्सेटमध्ये छापून आली, 1986 मध्ये प्राझोसिन या औषधाचा अनुभवही तिथंच आला. रक्तदाबाची एक स्वस्त गोळी, पण तिनं कितीतरी जीव वाचले. त्या रात्री कागदावर उतरल्या नसत्या तर हे ज्ञान महाडच्या दवाखान्यातच राहिलं असतं. मी हे सगळं भाषणात सांगणार होतो.

सभा साडेसातची. शहागडच्या बाजूचा आमचा मित्र आलेला नव्हता. आधीच्या दोन सभाही त्याच्या चुकल्या होत्या. 8 वाजून 10 मिनिटांनी त्याचा फोन आला. ऊसतोडीच्या कोपीतलं पाच वर्षांचं पोर आणलंय, विंचू चावलाय, उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडलेत. प्राझोसिन दिलंय, आडवं झोपवलंय, उठू द्यायचं नाही म्हणून शेजारी बसलोय. येणं होत नाही.

मी हजेरीची वही ओढली. “त्याची सही मी करून टाकतो. तिसरी गैरहजेरी आहे, पद जाईल बिचाऱ्याचं. चांगल्या कामात अडकलाय.”

आत्यानं वहीवर हात ठेवला. रागानं नव्हे, पण हात उचलला नाही.

“हजेरीच्या वहीत कुणाच्या वतीनं सही नसते, डॉक्टर.”

मला ती एरवी बाळा म्हणते.

मग तिनं सगळ्यांसमोर मुंबईतली एक हकिगत सांगितली. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमानं डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. व्याख्यानाला बसायचं, वहीत सही करायची, मग प्रमाणपत्र. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांना न येता प्रमाणपत्र हवं होतं. आत्यानं वही पुढं केली, “साहेब, सही दाखवा, लगेच देते.” त्या वर्षीची तिची पगारवाढ रोखली गेली. मामा आजारी होते, पोरीची फी भरायची होती. तिनं प्रमाणपत्र दिलं नाही. “दिलं असतं तर वहीतल्या बाकीच्या सगळ्या सह्याही खोट्या झाल्या असत्या. खऱ्या माणसांच्या,” एवढंच ती म्हणाली आणि चिटणिसाकडे वळली. “लिही. ‘डॉक्टर अमुक यांचा रात्री 8 वाजून 10 मिनिटांनी दूरध्वनी आला. विंचूदंशाच्या बालरुग्णावर स्वतः उपचार करत असल्यामुळे उपस्थित राहू शकत नाही असं कळवलं. सभेनं त्यांची रजा मंजूर केली.’ रजा मंजूर झाली की गैरहजेरी मोजत नाहीत. कलम वाचलं नाही का कुणी?”

कुणीच वाचलं नव्हतं. रजा मंजूर झाली, मित्राचं पद राहिलं. मला वाटलं विषय संपला.

पण मी एक केलं होतं, ते आत्याला माहीत नव्हतं. दुपारीच लिहून ठेवलेला संदेश सभा सुरू होताच मी पंचक्रोशीच्या चार-पाच व्हॉट्सॲप गटांवर सोडला होता: ‘सर्व सातही डॉक्टरांच्या उपस्थितीत वडीगोद्री येथे सभा उत्साहात संपन्न.’ सोबत बॅनरचा फोटो. संपन्न व्हायच्या आतच.

पोराला रात्री उशिरा श्वासाचा त्रास सुरू झाला. मित्रानं स्वतःच्या गाडीत घालून त्याला छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात नेलं. पोर वाचलं. पण तिथं आठवडा गेला, तोडणीचे दिवस बुडाले, आणि टोळीच्या मुकादमाच्या हाती माझा संदेश लागला. बाप त्या रात्री उसाची गाडी घेऊन कारखान्यावर होता. आई एकटीच पोरापाशी. ती सांगत होती की डॉक्टर हलले नाहीत, पण मुकादमापुढं तिचं कोण ऐकणार? माझा संदेश तर लेखी होता. डॉक्टर पोराला कंपाउंडरच्या भरवशावर टाकून वडीगोद्रीला जेवणावळीत बसला होता, म्हणून पोर सीरियस झालं, असा अर्ज पोलिसांत गेला. दवाखान्यासमोर माणसं जमली. मित्राची बायको दोन दिवस माहेरी जाऊन राहिली.

चौकशीला आलेल्या जमादारांनी माझ्या मोबाइलवरचा संदेश मला वाचून दाखवला. “अध्यक्ष तुम्हीच ना? हे तुम्हीच लिहिलंय ना?”

माझ्या तोंडाला कोरड पडली. आत्या आतून दोन वह्या घेऊन आली. हजेरीच्या वहीत सहा सह्या. सातव्या ओळीवर काहीच नाही, नुसती आडवी रेघ. इतिवृत्तात 8 वाजून 10 मिनिटं, बालरुग्ण, विंचूदंश, रजा मंजूर. पानांना छापील क्रमांक, मधलं पान फाडलेलं नाही, खाडाखोड नाही, खाली त्याच रात्रीच्या सह्या. जमादारांनी मित्राच्या मोबाइलवरची फोनची वेळ ताडून बघितली. जुळली. त्यांनी दोन्ही पानांचे फोटो घेतले, पोराच्या आईचा जबाब पुन्हा नीट घेतला. पुढं त्या अर्जात काही उरलं नाही.

मी त्या रात्री सातवी सही ठोकली असती, तर मित्र स्वतःच्या संघटनेच्या वहीनं खोटा ठरला असता. त्या माउलीचा शब्दही तिथंच बुडाला असता. मैत्रीपोटी मी हेच करायला निघालो होतो. आजही रात्री कधी जाग आली की ती वही आणि तिच्यावरचा आत्याचा हात डोळ्यांपुढे येतो.

ती गेली तीन वर्षं आमच्या प्रत्येक सभेला येते, आता फक्त ऐकायला. चिटणीस तरबेज झालाय. चौकातलं ते बॅनर मी जमादार येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी उतरवलं होतं, त्यानंतर बॅनर लावलं नाही.

त्या प्रकरणानंतरच्या पहिल्याच सभेत पहिला विषय नेहमीचाच होता, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. ते कायम झालं. मग आत्यानं वही माझ्यापुढं सरकवली आणि पेन दिलं. मी लिहिलं: ‘मागील सभेस सातही सदस्य उपस्थित होते असा जो संदेश अध्यक्षांनी प्रसारित केला, तो खरा नव्हता. अध्यक्ष त्याबद्दल सभेची आणि संबंधित सदस्यांची क्षमा मागतात.’ ती ओळ माझ्याच अक्षरात आहे. खाली सात सह्या आहेत. त्या दिवशी आम्ही सातही जण खरोखर हजर होतो.