डोलकाठी आणि ज्वारीचं ताट

पौष-माघात परभणीच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. शेंड्याला दाण्यांनी भरलेलं कणीस आणि त्याखाली अंगठ्याएवढं जाड ताट. वारा सुटला की सगळं शेत कलतं आणि पुन्हा उभं राहतं. एवढा भार डोक्यावर घेऊन ते मोडत कसं नाही?

कोणतीही काठी वाकवली की तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. बरोबर मध्यावर ना ताण, ना दाब; कडेकडे जावं तसे दोन्ही वाढत जातात. म्हणजे वाकण्याला विरोध करायचं बहुतेक काम बाहेरचा थर करतो. भरीव गोल दांड्यातून निम्म्या व्यासाचा गाभा काढून टाकला तर वजन २५ टक्क्यांनी घटतं, ताठपणा मात्र जेमतेम ६ टक्क्यांनी. ज्वारीने हाच हिशेब मांडलाय. बळ सालीत, आत हलकं भेंड.

शर्यतीच्या शिडाच्या होडीची डोलकाठी आता याच तत्त्वावर कार्बन तंतूंची पोकळ नळी म्हणून घडवतात. उंचावरचं वजन होडीला कलंडवतं, म्हणून हलकेपणा हवा. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, कार्बन-राळेच्या मिश्रणाची सुमारे १.६ पट. पण खरा फायदा वेगळा आहे: तंतू कुठे, किती आणि कोणत्या दिशेने घालायचे हे कारागिराच्या हातात असतं. त्यामुळे काठी कुठे ताठ राहावी आणि कुठे वाकावी हे त्याला ठरवता येतं. फिन ही १९५२ ते २०२० या काळात ऑलिंपिकमध्ये असलेली एका माणसाची होडी. तिच्या डोलकाठीला आधाराचे दोर नसतात. वाऱ्याचा झोत आला की शेंडा वाकतो, शीड सपाट होतं, वरच्या कडेने वारा निसटतो आणि होडी सावरते. इथे वाकणं हा दोष नाही, ती योजलेली सोय आहे.

ज्वारीतही तेच. पानं वाऱ्याच्या दिशेने लवतात, ताट कलतं, वाऱ्याला अडणारं अंग कमी होतं. तरीही बुडाशी पडणारा भार सर्वांत मोठा, कारण जोर शेंड्यावर आणि तरफ पूर्ण उंचीची. म्हणून खालची पेरं आखूड आणि जाड.

मग भेंड निरुपयोगी का? मुळीच नाही, आणि मला या सगळ्यात हीच बाब सर्वांत मोलाची वाटते. पातळ नळी वाकताना चपटी होऊ लागते. एकदा चपटी झाली की तिचा ताठपणा जातो आणि ती अचानक दुमडते. हे टाळायला डोलकाठीत काही तंतू आडवे, नळीभोवती घालतात. ताटात तेच काम भेंड आणि पेरांच्या गाठी करतात. याचा पुरावा म्हणजे खडखड्या रोग. दाणा भरताना जमिनीतली ओल संपली की मॅक्रोफोमिना बुरशी बुडाच्या पेरांत शिरते. भेंड कुजून आत नुसते धागे आणि काळी भुकटी उरते. साल बाहेरून धडधाकट दिसते, पण जिथे भार सर्वाधिक तिथेच आतला आधार गेलेला असतो. साध्या वाऱ्यातही ताट खाली दुमडतं.

उंची घटवणं हा एक उपाय. १९६४ साली आलेलं सीएसएच-१ हे संकरित वाण बुटकं होतं. पण मराठवाड्यात ज्वारी दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरतात, आणि बुटक्या ताटाने गोठा भरत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे दाणा आणि कडबा दोन्ही देणारे रब्बी वाण दिले, ते मला म्हणूनच अधिक शहाणपणाचं वाटतं. उंची राखायची तर ताट आतून सांभाळावं लागेल.

तेव्हा पेरा दाट करू नका, नत्राचा अतिरेक टाळा आणि पाण्याची सोय असेल तर दाणा भरताना एक संरक्षित पाणी द्या. नंतर शेतात फिरून बुडाची पेरं चिमटीत दाबून पाहा. जिथे ती सहज दबतील, तिथली काढणी आधी उरका.