जात बोलतीय म्हणे

मी हसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शहाणपण वाचून तुम्ही मला फार मोठा समजणार नाही.

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. १ तारखेला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला : अनुसूचित जातींच्या आरक्षणात राज्यांना वर्गीकरण करता येईल. सात न्यायाधीश, सहा बाजूने, एक विरोधात. त्याविरुद्ध २१ तारखेला भारत बंद, आणि बंदाच्या तयारीची बैठक आमच्या विहारात. सूतगिरणीत शेजारच्या रिंगफ्रेमवर माझा दोस्त असतो. मातंग. त्याला मीच घेऊन गेलो. आपलाच माणूस.

तो उठला आणि सरळ म्हणाला, "तेरा टक्क्यांत एकोणसाठ जाती हाईत. माझ्या भावकीत अजून एकाला सरकारी पगार न्हाई. अबकड झालं पायजे. मी वाटणी मागतोय, वैर न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "जात बोलतीय!" सगळा विहार हसला. मीही.

रातपाळीला त्याने माझ्याबरोबर डबा उघडला नाही. मशीनकडे तोंड करून भाकरी खाल्ली. सकाळी सुटताना एवढंच म्हणाला, "मर्दा, उत्तर दिलं असतंस तर भांडलो असतो. तुमी माझी जात सांगितलीसा. ती मला ठावं हाय की."

उत्तर माझ्याकडे होतं. आजही माझं मत त्याच्या विरोधातच आहे. सरकारी नोकऱ्या आटत चालल्या, कंत्राटं वाढली. रिकाम्या होत चाललेल्या पातेल्याच्या वाटणीवरून भांडायचं कुणी, तर तळाच्यांनी आपापसात. वरच्यांच्या पातेल्याला कुणी हात लावत नाही. आणि एकदा एकोणसाठ तुकडे पाडले की मतपेटीजवळ एकेक तुकडा स्वस्तात उचलता येतो. हे मी तिथं उभं राहून बोलू शकलो असतो. त्यावर तो म्हणाला असता, पातेलं भरलेलं होतं तेव्हा तरी आमची आठवण झाली का? मग मला गप्प बसावं लागलं असतं, निदान घटकाभर. कदाचित म्हणूनच मी हसलो. हसायला पैसे पडत नाहीत.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात भुंग्यासारखा फिरतोय. बोलणारा कोण आहे ते बघा, असं आपण कायम म्हणत आलो. ते खोटं आहे का? खोटं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. आमचे ओठ लागले की धोटा बाटायचा! आणि पगार जास्त तो त्याच खात्यात. कामगार सारे एक, असं म्हणणाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं नाही, पण त्यांना ते दुखत नव्हतं. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांना तो प्रश्न मागणी म्हणून पुढे रेटावा लागला. ज्याची जखम त्याला आधी कळतं, हे खरंच.

पण आधी कळलं म्हणून निकाल लागला असं होत नाही. जखम बोलायचा हक्क देते. बोललेलं बरोबर की चूक ते पुन्हा तपासावंच लागतं. "जात बोलतीय" म्हणणारा माणूस म्हणणं खोडत नाही, ते कुठल्या गल्लीतून आलं एवढंच सांगतो आणि सुटतो. च्यायला, आणि हे आम्ही करावं? आपण तोंड उघडलं की "हे आरक्षणवाले, असंच बोलणार", हे ऐकत ऐकत आपल्या पिढ्या मोठ्या झाल्या. तेच वाक्य आम्ही बुद्धाच्या मूर्तीसमोर वापरलं.

शिवाय ते गणितही जमत नाही. निकालातल्या सहांत न्या. भूषण गवई होते, बौद्ध, आंबेडकरी घरातले. त्यांची कुठली जात बोलली? अण्णाभाऊ साठे मातंग आणि कम्युनिस्ट. बाबासाहेबांचं कम्युनिस्टांशी पटलं नाही हे जगजाहीर आहे. तरी अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. (निकाल आला ती १ ऑगस्ट म्हणजे अण्णाभाऊंचा जन्मदिवस. दोस्ताने त्यात शकुन बघितला, आणि मी उगाच चिडलो.)

आता लगेच मला सहिष्णुतेचा काढा कुणी पाजू नये. सगळ्यांची मतं ऐकावीत असं शिकवणारे काही जण मी बघितलेत. माझ्या आज्याने विहिरीला शिवू नये, हेही त्यांच्या घरात एक मतच होतं. ते मत नव्हे, ती गळ्यावरची बोटं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, तिथं परिसंवाद भरवायचा नव्हता. माझं माणूसपण नाकारणाऱ्याला मी सहन करणार नाही, तुम्हीही करू नका. पण दोस्ताने माझं माणूसपण कुठं नाकारलं? त्याने वाटणी मागितली. महाडची आग घरातल्या माणसाला चटका द्यायला वापरायची नसते.

पँथरचं आठवा. १९७२ ला निघाली. १९७३ च्या जाहीरनाम्याने भूमिहीन, कामगार, स्त्रिया सगळ्यांना दलित शब्दात घेतलं. नामदेव ढसाळांना ते रुंद होणं वाटलं, राजा ढाल्यांना त्यात बुद्ध सुटून मार्क्स शिरताना दिसला. आपण म्हणजे कोण, हा खरा प्रश्न होता. एका छपराखाली दहा वर्षं भांडण्याच्या लायकीचा. १९७४ लाच फूट पडली. ढसाळ २०१४ ला गेले, ढाले २०१९ ला. प्रश्न अजून दारात बसलाय.

वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ ला कायदा केला. आपल्याला तो शब्द नवा नाही, 'बहिष्कृत भारत' हे आपल्याच पेपराचं नाव. पण हसून खाली बसवण्यावर कुठलं कलम लागत नाही.

आणि बाबासाहेबांनी काय केलं? १९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांचं भाषण पचेना, परिषदच रद्द. त्यांनी ते स्वतः छापलं. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढली तेव्हा गांधींनी केलेली टीका त्याच पुस्तकात घातली, सोबत आपलं उत्तर. एक शब्द मऊ केला नाही. विरोधकाला आपल्या पुस्तकात जागा दिली आणि तिथंच सोलून काढलं. सहिष्णुता म्हणून मला काही कळत असेल तर एवढंच कळतं.

म्हणून मी आमच्या संपादकाला म्हटलं, दोस्ताचं अबकडच्या बाजूचं म्हणणं छापू, मागोमाग माझं उत्तर. जरा कुरकुरला, पण तयार झाला. मी दोस्ताला गेटावर गाठलं. डबा आमचा अजून वेगळाच आहे. डोक्यातला कापूस झटकत तो म्हणाला, "आदी तुजं छाप. हसलेलं लिवतोस का न्हाई बगतो. मग माजं देतो."