नाइसेकाठचे द्वैत

जर्मनीच्या ग्यॉर्लिट्स नगरात, 1600 साली, कथिलाच्या ताटलीवर चकाकलेल्या सूर्यकिरणात ज्याला विश्वाचे अंतरंग दिसले असे सांगतात, तो याकोब ब्यॉमे व्यवसायाने चर्मकार. 1613 मध्ये नगरसभेने त्याचे पहिले हस्तलिखित जप्त करून लेखनबंदीचा हुकूम फर्मावला, तरी विरोधावाचून ईश्वरही स्वतःस प्रकट करू शकत नाही, हे मत त्याने पुढे लिहून ठेवलेच. 1945 साली नाइसे नदी सरहद्द ठरली आणि त्याचे पूर्वतीरावरील घर पोलंडच्या झ्गोझेलेत्समध्ये गेले, थडगे मात्र जर्मनीत राहिले. या फाळणीतही त्याला ईश्वराचे प्रकटीकरण दिसले असते काय? मला संशय आहे. त्याचे द्वैत अंतर्यामीचे होते, हे तहनाम्याचे. 2004 पासून तेथे पुन्हा पादचारी पूल आहे.