सिस्टरांचं वाक्य

भाषांतरातल्या चुका मी फार काळ मनात ठेवत नाही. छापील मजकुरातली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येते. एक चूक मात्र तोंडी होती, आणि ती करत असताना मला ती चूक वाटलीही नव्हती.

काही वर्षांपूर्वी मी दक्षिणेतल्या एका शहरात राहत होते. तिथल्या मिशनच्या इस्पितळात देशभरातून रुग्ण येत, आणि एखाद्याचं मराठी कुणालाच कळेनासं झालं की मला फोन यायचा. बहुतेक वेळा काम साधं असे: गोळ्या कधी घ्यायच्या, पैसे कुठे भरायचे. त्या दिवशी समुपदेशन करणाऱ्या सिस्टरांनी बोलावलं. सिस्टर मल्याळी, साठीच्या आसपासच्या, मानसशास्त्र रीतसर शिकलेल्या. समोर सोलापूरकडच्या एक बाई, गळ्यात तुळशीची माळ. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगानं आदल्या रात्री गेला होता. नवरा खाली कागदपत्रांच्या रांगेत उभा होता.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, ह्यांना विचारा, माझंच लेकरू का?"

मी विचारलं. सिस्टर जरा थांबल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, मला माहीत नाही, मीही त्यालाच विचारते आहे.

मी मराठीत सांगितलं, "सिस्टर म्हणतात, देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला नाही कळत."

बाईंनी मान डोलावली. "खरंय, त्याची मर्जी," म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून गप्प झाल्या. दुखवट्याला जाऊन आलेल्या कुणालाही ही मान ओळखीची असते. ती भेटायला आलेल्याची सोय असते: तुमचं सांगून झालं, माझं ऐकून झालं, आता उठा.

सिस्टरांना मराठी येत नव्हतं, पण मान कळली. काय सांगितलंस, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की माझं वाक्य सांग. मी पुन्हा सुरुवात केली, "मावशी, माझं चुकलं. सिस्टर म्हणाल्या, मला माहीत नाही. मीपण त्यालाच विचारतेय."

बाईंनी पहिल्यांदा सिस्टरांकडे नीट पाहिलं. "मग काय म्हणतो तो?"

"अजून काही नाही," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर बाई तासभर बोलत होत्या. मुलानं इस्पितळात येताना नवे बूट आणले होते, बरा झालो की घालेन म्हणून; ते पिशवीत तसेच होते, आणि ते घरी न्यायचे की इथेच कुणाला द्यायचे हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मध्येच त्यांनी विठ्ठलाला एक कचकचीत शिवी दिली. ती मी इंग्रजीत नेली, जमेल तशी. सिस्टरांनी नुसती मान हलवली.

मी देवाधर्मातली नाही. म्हणजे त्या खोलीत ज्या एकटीचा देवावर विश्वास नव्हता, तिनंच देवाची मर्जी पुढे केली. का? बाईंची दया आली म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की 'मला माहीत नाही' नंतर जी शांतता येणार होती तिची मला भीती वाटली. आणि मी वाक्य नेलं तेही बाईंच्या भाषेत नाही. ज्या परंपरेत जनाबाई विठोबाला तोंडावर बोल लावते तिथल्या त्या बाई. देवाशी भांडायचा हक्क त्यांना वारशानं मिळालेला. माझं मिळमिळीत वाक्य तोच काढून घेत होतं.

सिस्टरांचं कौतुक करून इथे थांबता आलं असतं, पण मला एक गोष्ट खटकत राहिली. आघातातून गेलेल्या माणसाला कारणं सांगू नयेत, हे श्रद्धा नसलेला समुपदेशकही शिकतो. सिस्टरांना मात्र मेलेलं माणूस संपत नाही याची खात्री आहे. ज्याच्याकडे औषध आहे असं त्याला स्वतःला वाटतं, त्यानं ते लपवावं का? काही दिवसांनी मी त्यांना हे सरळच विचारलं. मिशनचं इस्पितळ, समोर परका धर्म, धर्मांतराचा संशय, या सगळ्याला भिऊन गप्प बसता का, असंही विचारलं. थोडं उद्धटपणेच.

त्या म्हणाल्या, तो संशय मला आवडतो, त्यानं मी सावध राहते. मग बायबलातल्या ईयोबाबद्दल बोलल्या. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. मग तोंड उघडतात, आणि बिघडतं. शेवटी देव चिडतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. तक्रार करणारा ईयोबच नीट बोलला, असं म्हणतो. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं मी वाचलं होतं, पण पाहिलं नव्हतं. ईयोबाला सगळं परत मिळतं तेव्हा जनावरं दुप्पट होतात: 7,000 मेंढरांची 14,000, 3,000 उंटांचे 6,000. मुलं मात्र पहिल्याइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. दुप्पट का नाहीत? कारण पहिली दहा हरवलेलीच नाहीत, असा अर्थ लावणारे लावतात.

"मी तोच अर्थ मानते," सिस्टर म्हणाल्या. "त्याच्या जोरावर मी त्या खोलीत जाऊन बसू शकते. पण तो हिशेब मी त्या आईला सांगितला, तर मी चौथी मित्र."

मला हे पटलं. पूर्ण नाही. जायच्या आधी बाईंनी दारात थांबून मला विचारलं होतं, "ह्यांच्यात मेल्यावर माणूस कुठं जातं म्हणतात?" सिस्टर तोवर दुसऱ्या वॉर्डात गेल्या होत्या. मी म्हटलं, त्यांनाच विचारायला हवं. बाई म्हणाल्या, राहू दे, गाडीची वेळ झाली. बुटांची पिशवी त्यांच्या हातातच होती.