राजाने विचारलं, आणि नहेम्या उत्तर देणार तेवढ्यात

आजचं वाचन: नहेम्या २:१–८



आजच्या वाचनातलं चौथं वचन हातातून सहज निसटतं. राजा विचारतो, तुझी मागणी काय आहे. नहेम्या स्वर्गातल्या देवाची प्रार्थना करतो. आणि पाचव्या वचनात तो राजाला उत्तर देतोय. प्रार्थना किती वेळ केली, कोणत्या शब्दांत केली, डोळे मिटले की उघडे ठेवले, काहीच लिहिलेलं नाही. "महाराज, दहा मिनिटं द्या, खोलीत जाऊन येतो" असं म्हणायची सोय तर नव्हतीच. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढी जागा असते तेवढ्यातच ती प्रार्थना झाली. राजाला बहुधा कळलंही नसेल.

ती जागा किती धोक्याची होती ते आधी पाहू या. ठिकाण शूशन राजवाडा, अर्तहशश्त राजाचं २०वं वर्ष, म्हणजे ख्रिस्तपूर्व ४४५ च्या आसपास. नहेम्या राजाचा प्यालेबरदार. राजाच्या हातात द्राक्षारस देणारा माणूस, म्हणजे ज्याच्यावर राजाचा जीव अवलंबून असा नोकर. अशा नोकराचा चेहरा पडलेला दिसला तर राजाला संशय येणारच. म्हणून राजाने "तू उदास का" असं विचारल्यावर तो फार घाबरला, असं तो स्वतःच लिहितो. दुसरी गोष्ट आपण विसरतो. एज्राच्या चौथ्या अध्यायात याच राजाच्या नावाने यरुशलेमेचं बांधकाम थांबवण्याचा हुकूम निघालेला आहे. म्हणजे नहेम्याला राजाकडे नुसती रजा मागायची नव्हती. राजाचाच जुना निर्णय फिरवून मागायचा होता.

अशा वेळी माणूस पटकन जे बोलतो ते त्याच्या आत आधीपासून भरलेलं असतं. नहेम्याच्या आत काय भरलेलं होतं हे पहिल्या अध्यायात आहे. किस्लेव महिन्यात यरुशलेमेची बातमी आली, तट मोडलेला, वेशी जळलेल्या. तो बसून रडला, उपास केला, रात्रंदिवस प्रार्थना केली. राजाने प्रश्न विचारला तो नीसान महिन्यात. मध्ये जवळजवळ ४ महिने गेले. या ४ महिन्यांत त्याची ड्यूटी सुटलेली नव्हती. सकाळ-संध्याकाळ राजवाड्यात हजेरी, तोच प्याला, तेच मेज. दुसऱ्या अध्यायातली ती एका श्वासाची प्रार्थना या ४ महिन्यांवर उभी आहे. म्हणून "मी दिवसभर चालता-बोलता प्रार्थना करतो, वेगळा वेळ काढायची गरज नाही" असं कोणी म्हणालं की मला शंका येते. आणि "सकाळचा शांतिसमय झाला, आता दिवस माझा" हेही तितकंच अपुरं वाटतं. नहेम्याकडे दोन्ही होतं.

आपल्यातले बरेच जण दुसऱ्या प्रकारात मोडतात, असं माझं निरीक्षण आहे. बायबल ॲपवर वाचन पूर्ण, स्ट्रीक चालू, आणि नऊच्या स्टँडअपपासून प्रभू येशू दिवसाच्या बाहेर. कोणी मुद्दाम बाहेर काढत नाही. कॅलेंडरमध्ये त्याचा एक स्लॉट असतो, तो संपलेला असतो, एवढंच. कलस्सैकरांस पत्रात पौल लिहितो की सर्व काही ख्रिस्ताच्या ठायी टिकून आहे. हे खरं मानलं तर त्याला एक स्लॉट देणं ही भक्ती कशी होईल? ज्याच्यामुळे कॅलेंडरच टिकून आहे त्याला आपण कॅलेंडरमध्ये अर्ध्या तासाची जागा देतो.

आता माझी साक्ष. साक्ष म्हटल्यावर गोड शेवटाची अपेक्षा असते, तो इथे नाही, आधीच सांगतो. काही काळापूर्वी एका क्लायंट कॉलवर मला सरळ विचारलं गेलं: मायग्रेशन झालेल्या डेटाची तपासणी पूर्ण झाली का? झाली नव्हती, बऱ्याच टेबल्स बाकी होत्या. त्याच क्षणी चॅटवर वरिष्ठांचा मेसेज आला: हो म्हण, रात्रीत उरकू. मी म्यूटवर होतो. अनम्यूट करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच माझ्याकडे होता, आणि मनात दोनच शब्द आले, "प्रभू, सांभाळ." मग म्हणालो, नाही, अजून बाकी आहे, गुरुवारपर्यंत होईल. कॉल संपल्यावर बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्या वर्षीच्या अप्रेजलमध्ये क्लायंट हाताळण्याबद्दल एक वाकडं वाक्यही आलं. नहेम्याला राजाची पत्रं मिळाली, लाकूड मिळालं, वर घोडेस्वार मिळाले. मला यातलं काही मिळालं नाही. पण आवाज थरथरत असतानाही खोटं बोलावंसं वाटलं नाही, आणि त्या रात्री झोप लागली. ते मला त्या दोन शब्दांचं उत्तर वाटतं.

अशी दोन शब्दांची प्रार्थना ऐकली जाते, ती का? आपण लांब प्रार्थना करणारे आहोत म्हणून नाही. ४ महिन्यांच्या उपासाने नहेम्याने काही कमावलं म्हणूनही नाही. पहिल्या अध्यायातली त्याची प्रार्थना तर स्वतःच्या आणि बापदादांच्या पापांच्या कबुलीने भरलेली आहे, आणि तो आधार घेतो तो देवाच्या वचनाचा. आपल्याला तर त्याहून जास्त दिलेलं आहे. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे आपला महायाजक येशू आपल्या दुर्बलतेची जाणीव असलेला आहे, आणि म्हणून आपण कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाऊ शकतो. नहेम्या एका राजासमोर घाबरून उभा होता आणि त्याच क्षणी दुसऱ्या राजाशी बोलत होता. त्या दुसऱ्या राजासमोर जायला आपल्याला अपॉइंटमेंट लागत नाही, कारण वधस्तंभावर ती वाट आधीच उघडली आहे. मीटिंग रूममधून, हिंजवडीच्या सिग्नलवरून, लिफ्टमधून, कुठूनही जाता येतं.

यानंतरचा भाग मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. राजा विचारतो, किती दिवस लागतील? आणि नहेम्या मुदत सांगतो! मग नदीपलीकडच्या अधिपतींसाठी पत्रं मागतो, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावाने लाकडाची चिठ्ठी मागतो, कोणत्या कामांसाठी तुळया हव्यात तेही त्याच्या डोक्यात आहे. म्हणजे ते ४ महिने नुसते रडण्यात गेले नव्हते. प्रार्थना करणारा माणूस बेसावध असतो ही समजूत इथे मोडते. (मुदत किती सांगितली हे लिहिलेलं नाही. तट ५२ दिवसांत झाला, पण तो तिथे १२ वर्षं अधिपती म्हणून राहिला. एस्टिमेट चुकणं आपल्यापासून सुरू झालेलं नाही.)

आपल्या महाराष्ट्रात असं कोणी दिसतं का? मला पंडिता रमाबाई दिसतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, अनाथ, त्यांचं जेवण, शाळा, शेती, आजारपणं. एवढा व्याप सांभाळताना त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं पवित्र शास्त्र साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणत बसल्या. छपाईचं काम आश्रमातल्या मुलींनीच केलं. १९२२ मध्ये रमाबाई प्रभूमध्ये निजल्या, पूर्ण बायबल त्यांच्यानंतर बाहेर आलं. त्यांचं नाव घेऊन तुम्हाला ओशाळं करायचं नाही; आपल्यापैकी कोणालाच तेवढं काम नेमून दिलेलं नाही. मला एवढंच दिसतं की त्यांच्या दिवसात एका बाजूला काम आणि दुसऱ्या बाजूला वचन असे दोन ढीग नव्हते. ज्या मुलींना जेवू घालायचं होतं त्यांच्याचसाठी ते वचन सोपं करायचं होतं.

एक गोष्ट मात्र नहेम्याने वेगळी ठेवली, आणि ती पुस्तकाच्या अगदी शेवटी येते, १३व्या अध्यायात. शब्बाथाच्या दिवशी व्यापारी यरुशलेमेत माल आणून विकत होते. त्याने काय केलं? शब्बाथ सुरू होण्याआधी, वेशीत अंधार पडू लागला की दरवाजे बंद करायला लावले आणि आपली माणसं तिथे उभी केली. व्यापारी एक-दोनदा तटाबाहेर रात्रभर थांबले. आशा होती त्यांना. मग त्याने तंबी दिली आणि ते यायचे बंद झाले.

मला यातलं "अंधार पडू लागला की" हे फार व्यवहारी वाटतं. रविवारी सकाळी उपासनेला बसल्यावर फोन बंद करायचा ठरवलं तर उशीर झालेला असतो. शनिवारी रात्रीच डोक्यात सोमवारची डिप्लॉयमेंट शिरलेली असते. आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी सातनंतर लॅपटॉप कपाटात जातो. ज्या आठवड्यात माझी ऑन-कॉल पाळी असते तेव्हा जात नाही, आणि त्याचं मी ओझं घेत नाही. शब्बाथ माणसासाठी झाला हे प्रभूने शिकवलंच आहे. बाकीच्या शनिवारी पहिल्या तासात हात आपोआप फोनकडे जातो. व्यापारी बाहेर थांबलेले असतात.

प्रार्थना: हे प्रभू येशू, आज मला कोणीतरी काहीतरी विचारेल आणि मला लगेच उत्तर द्यावं लागेल. त्या मधल्या श्वासात तू मला आठव. पुढच्या आठवड्यात ज्यांचं अप्रेजल आहे, ज्यांची नोकरी डळमळीत आहे, त्यांच्या भीतीत तू त्यांच्याजवळ राहा. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.

उद्याचं वाचन: नहेम्या ४. एका हाताने काम आणि दुसऱ्या हातात शस्त्र.